वाचकांचे प्रश्न : डीएनएची नक्कल आणि विकराचे माप

प्रश्न : आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीला सिकलसेलचा आजार आहे. तिच्या आईला समजावून सांगताना डॉक्टर म्हणाले की, ही डीएनएमधल्या अवघ्या एका अक्षराची चूक आहे. तेव्हापासून एक शंका मनात घर करून आहे. पेशी विभागताना प्रत्येक वेळी संपूर्ण डीएनएची नक्कल होत असेल, तर अशा चुका पदोपदी का होत नाहीत? नक्कल करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बरोबर अक्षर कोणते हे कळते तरी कसे?
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सिकलसेलविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण 'चूक' हा शब्द विदर्भातल्या अनेक आईवडिलांच्या जिव्हारी लागलेला मी पाहिला आहे. त्या मुलीच्या शरीरात नक्कल होताना नव्याने काहीही बिघडलेले नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी ॲडेनीन या अक्षराऐवजी थायमीन आले आणि त्यामुळे साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसू लागले, हे खरे. प्रथिनातला हा एकाच ॲमिनो आम्लाचा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिला. परंतु तो बदल हजारो वर्षांपूर्वी केव्हातरी घडला आणि आई व वडील अशा दोघांकडूनही वारशाने त्या मुलीपर्यंत पोहोचला. मधल्या साऱ्या पिढ्यांत हा एवढासा बदल जसाच्या तसा उतरत आला, ही खरे तर नक्कल किती काटेकोर होते याचीच साक्ष आहे.

आता हिशेब मांडू. माणसाच्या एका पेशीत आईकडचा आणि वडिलांकडचा डीएनए मिळून सुमारे ६४० कोटी अक्षरांच्या जोड्या असतात, आणि पेशी विभागण्यापूर्वी त्या सगळ्यांची नक्कल करावी लागते. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन येते, कारण त्यांचे हायड्रोजन बंध एकमेकांशी जुळतात, असे आपण वर्गात शिकवत असाल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. पेशीत सगळीकडे पाणी असते आणि पाण्याचे रेणूही या अक्षरांशी हायड्रोजन बंध करतात. त्यामुळे योग्य जोडी आणि अयोग्य जोडी यांच्या ऊर्जेतला फरक प्रत्यक्षात फार थोडा उरतो. केवळ या आकर्षणावर काम सोपवले असते, तर साधारण शंभर अक्षरांमागे एक चूक झाली असती, म्हणजे पेशीच्या एकाच विभाजनात सहा कोटींहून अधिक. प्रत्यक्षात नक्कल करणारे मुख्य विकर, डीएनए पॉलिमरेज, पहिल्याच फटक्यात दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एखादीच चूक करते. या दोन आकड्यांमधले अंतर विकराच्या रचनेतून येते.

आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ साली ई. कोलाय या जिवाणूतून पहिले डीएनए पॉलिमरेज वेगळे केले आणि १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते विकर दिसते कसे, हे समजायला १९८५ साल उजाडले. त्या वर्षी येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने या विकराच्या एका मोठ्या तुकड्याचा स्फटिक तयार करून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. ती रचना अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखी दिसली, आणि तेव्हापासून तिच्या भागांना तळहात, बोटे आणि अंगठा हीच नावे पडली आहेत. अंगठा डीएनएचा तयार झालेला दुहेरी भाग धरून ठेवतो. तळहातावर ॲस्पार्टिक आम्लाचे अवशेष (म्हणजे विकराच्या साखळीत गुंफलेली ॲमिनो आम्ले) मॅग्नेशियमचे दोन आयन पकडून बसलेले असतात, आणि नवे अक्षर साखळीला जोडण्याची रासायनिक क्रिया तिथेच घडते. बोटांचे काम येणारे नवे अक्षर, म्हणजे न्यूक्लिओटाइड, आत घेण्याचे.

आपल्याकडे संत्र्याची प्रतवारी करणारे यंत्र पाहिले असेल, तर पुढचा भाग सोपा जाईल. ते यंत्र फळ चाखत नाही, साल सोलून पाहत नाही. ठरावीक मापाच्या फटीतून फळ जाते की नाही, एवढेच ते पाहते. पॉलिमरेजचा कप्पाही असाच माप पाहणारा आहे. ॲडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन या जोड्या रासायनिकदृष्ट्या वेगळ्या असल्या, तरी दोन्हींची रुंदी जवळपास सारखीच, शर्करेच्या कार्बनपासून समोरच्या शर्करेच्या कार्बनपर्यंत सुमारे १०.५ अँगस्ट्रॉम, असते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) ॲडेनीन आणि ग्वानीन समोरासमोर आले तर जोडी फार रुंद होते; थायमीन आणि सायटोसीन आले तर अरुंद. ग्वानीन-थायमीन ही जोडी रुंदीने जवळपास बसते, म्हणून ती सर्वांत घातकी. पण तीही किंचित बाजूला सरकलेली असते, आणि हे सरकणे विकराला जाणवते.

कसे जाणवते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. डीएनएच्या मळसूत्रावर दोन खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. अक्षरे ओळखायची असतील, तर रुंद खाच सोयीची. तिथे चारही अक्षरांच्या कडा निरनिराळ्या दिसतात. पॉलिमरेज मात्र चाचपणी करते ती अरुंद खाचेत. तिथे प्रत्येक अक्षराच्या कडेवर हायड्रोजन बंध स्वीकारणारा एक अणू असतो, आणि योग्य जोडी कोणतीही असो, हे अणू नेमक्या त्याच जागी येतात. विकराचे आर्जिनिन आणि ग्लुटामिन हे अवशेष त्या जागांना स्पर्श करतात. जोडी चुकली की अणू जागचा हलतो आणि स्पर्श सुटतो. म्हणजे अक्षर कोणते, हा प्रश्न विकर विचारतच नाही. ते फक्त चारही योग्य जोड्यांत समान असलेली गोष्ट तपासते. एकाच कप्प्याने चारही अक्षरांची नक्कल करायची असल्यामुळे त्याला दुसरा मार्गही नाही.

माप जुळले की बोटे मिटतात. बोटांमधली एक लांब वेटोळी पट्टी सुमारे ४० अंशांत आत फिरते आणि नव्या अक्षराला समोरच्या अक्षरावर दाबून बसवते. त्यामुळे त्या अक्षराचा फॉस्फेट गट वाढत्या साखळीच्या टोकासमोर आणि मॅग्नेशियमच्या आयनांजवळ अचूक येतो, आणि क्षणार्धात जोडणी होते. अयोग्य अक्षर आले असता बोटे नीट मिटत नाहीत, फॉस्फेट तिरपा राहतो, क्रिया कैक पटींनी मंदावते आणि तेवढ्या अवधीत ते अक्षर निसटून जाते.

हे सारे माप पाहूनच चालते, याचा रोखठोक पुरावा एरिक कूल यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दिला. त्यांनी थायमीनसारखाच आकार असलेला, परंतु हायड्रोजन बंध जवळजवळ करूच न शकणारा एक कृत्रिम रेणू तयार करून डीएनएच्या साचा-धाग्यात, म्हणजे ज्यावरून नक्कल होते त्या धाग्यात, बसवला. तरीही पॉलिमरेजने त्याच्यासमोर प्रामुख्याने ॲडेनीनच ठेवले. पुढे २००५ साली त्याच गटाने या रेणूचा आकार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तेव्हा एका अँगस्ट्रॉमहूनही कमी फरकाने नकलेची कार्यक्षमता आधी वाढली आणि मग कोसळली.

अर्थात, मापावर चालणारे यंत्र मापाने फसतेही. योग्य आकाराचे आंबट फळ प्रतवारीत पुढे जाते, तसेच इथे होते. ऑक्सिडीकरण झालेले ग्वानीन उलटे फिरून ॲडेनीनशी जोडी जमवते, आणि अरुंद खाचेच्या बाजूने ती जोडी हुबेहूब खऱ्या जोडीसारखी दिसते, म्हणून तपासणीतून पार होते. क्वचित एखाद्या अक्षरातला हायड्रोजन जागा बदलतो आणि अयोग्य जोडीलाही योग्य जोडीचा आकार येतो. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ सालीच ही शक्यता बोलून दाखवली होती, आणि २०११ साली पॉलिमरेजच्या स्फटिकांमध्ये असा आकार घेतलेल्या चुकीच्या जोड्या प्रत्यक्ष दिसल्या.

चुकीचे अक्षर जोडले गेलेच, तर त्याच विकराच्या अंगावर ते काढून टाकणारे दुसरे स्थान असते. ते तळहातापासून तीसेक अँगस्ट्रॉम दूर आहे, आणि या अंतरातच त्याची कार्यपद्धती दडलेली आहे. साखळीच्या टोकाशी चुकीची जोडी असली की टोक वाकडे होते आणि पुढचे अक्षर जोडणे कमालीचे रेंगाळते. त्या रेंगाळण्यात टोकाची तीन-चार अक्षरे साचा-धाग्यापासून उसवतात, सुटे टोक त्या दुसऱ्या स्थानी जाऊन पोहोचते, तिथे अक्षर कापले जाते, आणि टोक परत तळहातावर येते. कापणाऱ्या स्थानाला चूक-बरोबर काही कळत नाही. सुटे टोक हाती लागले की ते कापते. या मुद्रितशोधनामुळे अचूकता आणखी शंभरेक पटींनी वाढते, म्हणजे आपल्या हिशेबात एका विभाजनामागे काही हजार किंवा काही शे चुका उरतात. त्यानंतर अयोग्य जोड्या हुडकणारी स्वतंत्र प्रथिने नव्या धाग्यावरून फिरतात (या कामासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला), आणि अखेरीस शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एक एवढ्यावर चूक येऊन ठेपते.

कापणारे स्थान बिघडले तर काय होते, हेही माणसात दिसले आहे. आपल्या पेशींतील एप्सिलॉन आणि डेल्टा या दोन मुख्य पॉलिमरेजांच्या नेमक्या त्या भागात वंशपरंपरेने दोष असलेल्या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग आढळतो, हे २०१३ साली सिद्ध झाले.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रकल्पासाठी १,००० अक्षरांचे एक जनुक टॅक पॉलिमरेज वापरून पीसीआरने (नळीत डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करण्याच्या पद्धतीने) वाढवले आणि क्लोन केले, म्हणजे एकेक रेणू जिवाणूत घालून त्यांच्या वसाहती वाढवल्या. पाच वसाहतींचा अनुक्रम तपासून घेतला, तर दोन वसाहतींत एकेक अक्षर बदललेले निघाले. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की माझ्या हाताळणीत दोष आहे. खरोखर तसे असेल का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपल्या हाताळणीविषयी मी इथे बसून काही सांगू शकत नाही, पण हा निकाल निर्दोष हाताळणीतही अपेक्षितच आहे. पीसीआरच्या तीस फेऱ्यांत रेणू साधारण पंचवीस वेळा दुप्पट झाला असे धरू. म्हणजे शेवटच्या प्रत्येक रेणूच्या वंशात १,००० अक्षरे पंचवीसदा, अर्थात २५,००० अक्षरे, नकलली गेली. टॅक पॉलिमरेज ५०,००० अक्षरांमागे एक चूक करते असे मानले, तर सरासरीने दर दोन रेणूंमागे एक चूक येते. पाचांत दोन वसाहती सदोष निघणे या हिशेबात अगदी चपखल बसते. हा हिशेब मार्गदर्शकांसमोर नम्रपणे ठेवावा.

टॅक अशी का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला. उकळत्या तापमानाजवळही तग धरणारे त्याचे विकर पीसीआरसाठी वरदान ठरले. या विकराची रचना १९९५ साली उलगडली, तेव्हा असे दिसले की मुद्रितशोधन करणारा भाग तिथे आहे, पण तो निव्वळ अवशेषरूपात. ई. कोलायच्या विकरात ज्या आम्लधर्मी अवशेषांनी धातूचे आयन धरून ठेवलेले असतात, ते टॅकमध्ये नाहीत. हात तोच, पण खोडरबर हरवलेले.

पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाच्या विकरात, म्हणजे पीएफयूमध्ये, हे स्थान कार्यरत असते आणि चूक दहा लाखांमागे एखादीच होते. त्याच हिशेबाने चाळीस वसाहतींत एखादी सदोष निघेल. मात्र पीएफयू वापरताना तीन पथ्ये पाळावीत. विकर मिश्रणात सर्वांत शेवटी घालावे, अन्यथा अक्षरे मिसळण्याआधीच ते प्रायमरची (नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्यांची) सुटी टोके कुरतडू लागते. प्रायमरमध्ये युरॅसिल (आरएनएत थायमीनच्या जागी येणारे अक्षर) नसावे, कारण या गटातील विकरांना साचा-धाग्यावरचे युरॅसिल चार अक्षरे आधीच ओळखू येते आणि ती तिथेच थबकतात. आणि टॅक टोकाला एक ज्यादा ॲडेनीन ठेवते त्याच्या भरवशावर आपण क्लोनिंग करत असाल, तर पीएफयू ते टोक साफ कापलेले देते. वाहक, म्हणजे जनुक जिवाणूत नेणारा डीएनए, त्यानुसार निवडावा लागेल. टॅकच वापरणे भाग असेल तर फेऱ्या कमी कराव्यात, चारही अक्षरांचे प्रमाण समान ठेवावे आणि मॅग्नेशियम गरजेपुरतेच घालावे. मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज गेले तर कप्प्याचा काटेकोरपणा ढिला पडतो. मुद्दाम चुका हव्या असतात तेव्हा संशोधक नेमके हेच करतात.

प्रश्न : माझे पती रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. एवढ्या तापमानाने त्वचेतल्या डीएनएच्या नकलेत चुका वाढतात का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : हवेच्या तापमानाने नव्हे, शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. धोका उन्हातल्या अतिनील किरणांचा आहे, आणि तो हवा त्यामानाने कमी तापलेली असतानाही असतो. हे किरण डीएनएमधली शेजारशेजारची दोन थायमीन अक्षरे एकमेकांना सांधून टाकतात. नेहमीच्या पॉलिमरेजचा कप्पा एका वेळी साचा-धाग्यावरचे एकच अक्षर आत घेतो आणि पुढचे बाहेर वळवून ठेवतो. सांधलेली जोडी अशी वेगळी करता येत नाही, त्यामुळे ते विकर तिथे अडकते.

अशा वेळी पेशी दुसरे विकर बोलावते, पॉलिमरेज ईटा. त्याची बोटे आणि अंगठा आखूड आहेत आणि कप्पा ऐसपैस, इतका की सांधलेली दोन्ही थायमीन त्यात एकत्र मावतात. त्यांच्यासमोर ते बहुतेक वेळा दोन ॲडेनीन ठेवते, म्हणजे योग्य तेच, आणि दोन-तीन अक्षरे पुढे जाऊन बाजूला होते. याच विकराला निर्दोष डीएनएवर सोडले तर ते फार गचाळ काम करते, कारण मोकळ्या कप्प्यात माप पाहण्याची सोय उरत नाही आणि मुद्रितशोधनाचे स्थानही त्याच्याकडे नाही. आधी उल्लेखिलेला, बंध न करणारा कृत्रिम रेणू यीस्टच्या या विकरापुढे ठेवला तेव्हा त्याचे काम चालेना. घट्ट कप्प्याला बंधांची फारशी गरज पडत नाही, सैल कप्प्याची सारी भिस्त मात्र बंधांवरच असते.

हे विकर जन्मतः नसलेल्या व्यक्तींना झेरोडर्मा पिगमेंटोसमचा एक प्रकार होतो, असे १९९९ साली उघड झाले. त्यांच्या पेशी उन्हाने झालेले नुकसान ओलांडताना आणखी चुका करतात आणि त्वचेचे कर्करोग लवकर होतात. आपल्या पतीच्या बाबतीत अशी शंका घेण्याचे कारण आपल्या पत्रात दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला दुपट्टा आणि दुपारी शक्य तेवढी सावली, एवढे मात्र नक्की करावे. बरी न होणारी जखम किंवा आकार बदलणारा तीळ दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझी संत्र्याची बाग आहे. सगळी झाडे जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेली, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. तरी एका झाडाच्या एकाच फांदीला दोन वर्षांपासून वेगळ्या सालीची फळे येतात. ही नकलेतलीच चूक का? आणि निसर्गाने पूर्ण बिनचूक विकर का घडवले नाही?
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नेहमीपेक्षा अधिक बिनचूक पॉलिमरेज खरोखरच सापडले आहेत. टी४ या विषाणूच्या काही उत्परिवर्तित वाणांत चुका नेहमीपेक्षा कमी होतात. त्यांचा १९७० च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा कारण कळले: त्यांच्या विकरात साखळीचे टोक जोडणाऱ्या स्थानाकडून कापणाऱ्या स्थानाकडे वरचेवर जाते. कापणाऱ्या स्थानाला पारख नसल्यामुळे चुकीच्या अक्षरांबरोबर बरोबर अक्षरेही मोठ्या प्रमाणात कापली जातात, ती पुन्हा जोडावी लागतात, आणि प्रत्येक अक्षरामागे पेशीची ऊर्जा खर्ची पडते. आपण बागेतला फळतोडा करताना शंका येईल ते प्रत्येक फळ फेकत गेलात, तर सडके फळ बाजारात जाणार नाही हे खरे, पण क्रेटही भरणार नाहीत.

आपल्या फांदीविषयी : कळी फुटताना एखाद्या पेशीत झालेला बदल साऱ्या फांदीत उतरतो, हे लिंबूवर्गीय झाडांत सुपरिचित आहे, जगभर विकले जाणारे नेव्हल संत्रे अशाच बदललेल्या फांदीतून आले. परंतु सालीतला फरक कीड, विषाणू किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पडतो, आणि नुसते पाहून ते ठरवता येणार नाही. त्या फांदीवरचे आठ-दहा डोळे निरोगी जंबेरीच्या खुंटांवर भरावेत आणि शेजारी त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीचे तेवढेच डोळे तुलनेसाठी भरावेत. फळे धरायला चार-पाच वर्षे लागतील. त्या कलमांनाही तीच साल आली, तर बदल डीएनएत असण्याची शक्यता बळावेल. मात्र विषाणूही डोळ्यातून पुढे जातो, म्हणून त्याआधी पानांची विषाणूचाचणी करून घ्यावी.